जोडी फोडून घेतलेलं इंजिन

आधीच शपथ घेऊन ठेवतो. खाली लिहितो आहे त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, अंबामायची आण. आता काही ठिकाणी मी हजर नव्हतो, हे कबूल. काही ठिकाणी हजर होतो, पण लक्ष दुसरीकडे होतं. तेवढं सोडलं तर सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. आणि जे पाहिलं नाही ते ज्याच्या तोंडून ऐकलं तो माणूस माझ्याइतकाच विश्वासाचा आहे, त्यामुळे काळजी नको.

अमरावतीला माझं सायकलचं दुकान. सायकलच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक म्हणजे कुठल्या सायकलचे ते कुणालाच न आठवणारे नटबोल्ट, आणि दुसरी म्हणजे किस्से. दोन्ही डब्यात टाकून ठेवायचे. फेकवत नाहीत, आणि कधी कोणता कुठे बसेल याचा नेम नाही. हे जे आता काढतो आहे ते सगळे एकाच इंजिनाचे निघाले. एका इंजिनातून इतके किस्से निघाले, फक्त चालायचं तेवढं ते चालेना!

लढाई नुकतीच संपली होती. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात, सरकार नागपूरला, आणि आमचं चौघांचं मंडळ माझ्या दुकानात. मी एक. दुसरे परांजपे मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, मूळचे पुण्याचे, बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद घेऊन लहान विमानं बनवायचा नाद. तिसरा दिगंबर, एका डॉक्टरकडे कंपाउंडर. आणि चौथा शामराव, ज्याचं हे इंजिन. शामराव मोर्शीकडचा, संत्र्याच्या बागेचा मालक. लढाईच्या दिवसांत नागपूरकडे जाणारी विमानं त्याच्या बागेवरून जायची, तेव्हापासून हा बसल्या जागी बसेनासा झाला. दर आठवड्याला काहीतरी निमित्त काढून अमरावतीला यायचा आणि मास्तरांचं डोकं खात बसायचा. “मास्तर, कागदाचं उडते ते समजलं. पन घुंऽऽ करत कधी उडन?”

घुंऽऽ करायला इंजिन लागतं. ते कसं आलं, तो पहिला किस्सा.

*

शामरावाच्या घरी बैलजोडी होती. पाखऱ्या आणि सरदार. पाखऱ्या कामाचा. सरदार दिसण्याचा. पांढराशुभ्र, शिंगं अशी की रस्त्याने चालला तर लोक वाट सोडून उभे राहायचे. अडचण एवढीच, की तो चालायचा फार कमी. औताला जुंपला की थोडा ओढायचा आणि वावराच्या मध्यावर बसायचा. बसला की बसला. मग मारा, शेपटी पिळा, नाहीतर पाया पडा. याला आमच्याकडे बसका बैल म्हणतात, आणि असा बैल शहाणा माणूस बाजारात दुसऱ्याच्या गळ्यात बांधतो.

शामराव शहाणा. बापाला न सांगता तो सरदारला घेऊन अंजनगाव सुर्जीच्या बैलबाजारात गेला. तिथे त्याला भेटला गुलाबराव फिटर. गुलाबराव अकोल्याचा, लढाईत विमानं दुरुस्त करायच्या कामावर होता. येताना एका गोऱ्या साहेबाकडून विमानाचं लहानसं इंजिन घेऊन आलेला. इंजिन केवढं? संत्र्याएवढं. तेही आंबिया बहाराच्या मोठ्या संत्र्याएवढं नाही. गुलाबरावाच्या भावाची बाळापूरला शेती, त्याला बैल हवा होता.

शामरावाने इंजिन पाहिलं आणि सरदारचा कासरा त्याच्या हातातून आपोआप सुटला.

तरी पारख करायची ती केलीच. बैलासारखीच केली. चारी बाजूंनी फिरून पाहिलं, खालून वाकून पाहिलं, पाठीवर थाप मारली. गुलाबराव म्हणाला, पंखा फिरवून पाहा. शामरावाने बोटाने पंख्याला टिचकी मारली, तर पंखा उलटा येऊन बोटावर बसला. शामराव खूश. “मारते रे हे!” मारका बैल म्हणजे दमाचा बैल, हा त्याचा आयुष्याचा हिशेब.

मग हातांवर रुमाल पडला, रुमालाखाली बोटांनी बोलणी झाली, जशी बैलबाजारात होतात, आणि अदलाबदल ठरली. गुलाबरावाने त्या सकाळी इंजिनात घट्ट एरंडेल ओतून ठेवलं होतं. झिजलेल्या इंजिनात एरंडेल घातलं की थोडा वेळ ते नव्यासारखं ताठर लागतं. आणि शामरावाने त्या सकाळी सरदारला गुळासोबत मोहाची पाजली होती, म्हणून तो बाजारभर नाचत होता. एका लबाडाने दुसऱ्या लबाडाला फसवलं आणि दोघंही हसत आपापल्या गावी गेले. असा चोख व्यवहार मी पुन्हा पाहिला नाही.

घरी बाप ओट्यावर बसला होता. आबाजी त्यांचं नाव. त्यांनी रिकामी दावण पाहिली, पोराच्या हातातलं संत्र्याएवढं लोखंड पाहिलं आणि दोनच शब्द बोलले.

“जोडी फोडली?”

वऱ्हाडात जोडी विकतात, जोडी बदलतात. एक ठेवून एक देत नाहीत. शामराव सांगायला लागला की आबा, तो बसे, कामाचा नव्हता. आबाजी म्हणाले, “बसे तं बसे. आपल्या दारात बसे ना.” आणि पुढे जे म्हणाले त्यावर हे सगळं अवलंबून आहे. पोळ्याला तोरणाखाली एकटा पाखऱ्या घेऊन आपण उभे राहणार नाही. पोळ्यापर्यंत सरदार दावणीला आला नाही, तर आपण बोचकं उचलून पोरीकडे मोर्शीला कायमचे राहायला जाऊ. बाग तुझी, घर तुझं, इंजिन तुझं.

आबाजी एकदा बोलले की बोलले. हे शामरावाला माहीत होतं. पण त्याची पक्की खात्री, की इंजिन उडालं की म्हातारा विरघळेल. “आमच्या बुढ्यानं इमान जवळून कुठी पाह्यलं हाये? एकदा उडालं की तोच म्हनन, सरदार गेला तं गेला.”

म्हणजे आता फक्त उडवायचं राहिलं होतं.

*

इंजिन माझ्या दुकानात आलं तेव्हा उन्हाळा तापायला लागला होता. गुलाबरावाचं एरंडेल तोवर वाटेतच गळून गेलेलं. शामरावाने ऐटीत टिचकी मारली. पंखा फिरला. फिरला आणि फिरतच राहिला, जत्रेतल्या भिरभिऱ्यासारखा. बोटावर येणं नाही, मारणं नाही, काही नाही.

परांजपे मास्तरांनी पंखा हळूच फिरवला, कान लावला आणि म्हणाले, “कॉम्प्रेशन लो आहे.”

“लो म्हंजे?”

मास्तरांनी समजावलं, की या इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. आतला दट्ट्या वर गेला की तेल आणि हवा इतकी दाबली जाते की ती आपोआप पेटते. दाब हाच त्याचा जीव. आणि इथे दट्ट्याच्या कडेने हवा निसटते आहे.

दिगंबरचा मास्तरांवर विश्वास नव्हता. त्याने डॉक्टरांची कानात घालायची नळी आणली, इंजिनाच्या छातीला लावली, मला पंखा फिरवायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग नळी काढून शामरावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “घरच्यांना कळवलं का?”

त्या दिवसापासून दुकानाला एक रोग लागला. जो येईल तो पंख्याला टिचकी मारायचा. पंक्चरवाला गिऱ्हाईक टिचकी मारायचा, पोस्टमन पत्र देऊन टिचकी मारायचा, मी हिशेब सोडून टिचकी मारायचो. शामरावाचं तर बोट इंजिन समोर नसतानाही चालायचं. जेवताना भाकरी डाव्या हाताने मोडायचा आणि उजवं बोट हवेत टक-टक-टक. एकदा तो आमच्या घरी जेवला. तो गेल्यावर आमच्या घरातून विचारणा झाली, “यायले वात हाये काय हो?”

इंजिनाच्या डोक्यावर एक पिळायचा खिळा असतो. तो आवळला की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. हे मास्तरांनी शामरावाला सांगायला नको होतं. मास्तर शाळेत गेले तेवढ्या वेळात शामरावाने तो बैलगाडीवरचा दोर आवळावा तसा आवळला. मास्तर परत आले तर पंखा जागचा हलत नव्हता.

“पाहा मास्तर, आता दमच दम!”

मास्तरांनी खाट मागितली.

*

या इंजिनाचं तेल म्हणजे रॉकेल, एरंडेल आणि ईथर. रॉकेल आणि एरंडेल मिळायचं. ईथर, म्हणजे ऑपरेशनच्या आधी पेशंटला हुंगवायचे ते, दिगंबर आणायचा. कुठून आणायचा ते मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही, त्यामुळे आमची मैत्री टिकली.

ईथरचं असं असतं, की अमरावतीच्या उन्हात बाटलीचं बूच उघडलं की अर्धं इंजिनात आणि अर्धं माणसांत जातं. लू लागू नये म्हणून दुकानाची दारं आम्ही दुपारी लोटून घ्यायचो. आत चौघं जण टिचक्या मारत बसलेले, इंजिन सुरू होत नाही ते नाहीच, पण आम्ही मात्र हळूहळू फार प्रेमळ व्हायचो.

एका दुपारी एक गिऱ्हाईक भांडायला आला. त्याची सायकल मी बरेच दिवस दाबून ठेवली होती, चूक माझीच. दार ढकलून आत आला, मोठा श्वास घेतला, आणि शिवी देण्यासाठी तोंड उघडलं ते हसण्यात बंद झालं. पोत्यावर बसला. मग पोत्यावर आडवा झाला. उन्हं उतरल्यावर उठला, माझे दोन्ही हात धरून आभार मानले आणि दुसऱ्याच कुणाचीतरी सायकल घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. म्हटलं, आता काय? तर चाकाकडे बोट दाखवून म्हणतो, “काल भरली व्हती न, तेच हवा भरा.”

शामरावाला यातलं काही गोड लागत नव्हतं. तो दारात जाऊन आभाळाकडे पाहायचा. ढग आले की पेरण्या, पेरण्या झाल्या की पोळा. सगळ्या वऱ्हाडात पाऊस लांबावा म्हणून देवाला विनवणारा शेतकरी तो एकटाच असेल.

*

मग एका भल्या पहाटे, थंड वाऱ्याला, इंजिन बोललं. मास्तरांच्या टिचकीला फुर्रर्र करून चाललं. आम्ही एकमेकांना मिठ्या मारेपर्यंत बंद. ऊन वर चढल्यावर पुन्हा मेलेलं.

मास्तर म्हणाले, उष्णतेने एरंडेल पातळ होतं, मग ते कडेची फट धरून ठेवत नाही. गार ठेवलं पाहिजे. बरोबर बोलले. पण शामरावाने त्यातून आपला अर्थ काढला.

“म्हंजे याले ऊन लागलं. मंग सांगत काहून नाई?”

आमच्याकडे ऊन लागू नये म्हणून माणूस खिशात कांदा ठेवतो. शामरावाने इंजिन ओल्या फडक्यात गुंडाळलं, वर एक कांदा सुतळीने बांधला, आणि माठाशेजारी वाळूत ठेवून दिलं. दुपारी फडकं सोडून टिचकी मारली, आणि चाललं! थोडंच, पण चाललं. मास्तर ओरडून सांगताहेत की ते ओल्या फडक्यामुळे. ऐकतो कोण? पोस्टमनसुद्धा म्हणाला, कांदाच तो.

त्यानंतर शामराव कांद्याशिवाय टिचकी मारेना. मास्तरांनी एकदा प्रयोग म्हणून फक्त ओलं फडकं ठेवलं, कांदा काढला. नेमकं त्याच दिवशी दिगंबर ईथर विसरला होता, त्यामुळे इंजिन चालायचा प्रश्नच नव्हता. शामरावाने मास्तरांकडे पाहिलं. कांदा पुन्हा बांधला.

मास्तर त्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, “मी पुण्याला परत बदली मागतो आहे.”

*

कांद्याच्या आशेवर शामराव इंजिन घरी घेऊन गेला, की आबाजींना दाखवू. आबाजी पाहायलाही उठले नाहीत. शामरावाने ते खोलून ठेवलं आणि बागेला पाणी सोडायला गेला.

गोदावहिनी, त्याची बायको, हाताची स्वच्छ बाई. तिने पाहिलं, की नवऱ्याचा जीव की प्राण ते लोखंड काळंकुट्ट झालेलं आहे. सासरा बोलत नाही, नवरा जेवत नाही, निदान आपल्या हातून काही चांगलं व्हावं म्हणून तिने तो दट्ट्या आणि त्याची नळी घेतली, चिंच लावली, चुलीतली राख घेतली, आणि तांब्याची घागर घासावी तसं मन लावून घासलं. आतून, बाहेरून.

शामराव आला तर दट्ट्या देवघरातल्या निरांजनासारखा लखलखत होता. वहिनी म्हणाली, “आता कसं दिसते!”

जो काळा थर तिने घासून काढला, तोच बिचारा थोडीफार हवा अडवत होता. आता दट्ट्या नळीत सोडला की नुसता टप्प करून खाली पडायचा. कॉम्प्रेशन लो म्हणावं तर तेही उरलं नव्हतं.

शामराव बायकोवर रागावला नाही. ओट्यावर बसला आणि पहिल्यांदा त्याचं बोट थांबलं. वहिनी घाबरली ती त्यानेच. मग त्याने सगळं जोडलं, आत गळ्यापर्यंत एरंडेल भरलं, चुलीच्या वरच्या फळीवर इंजिन टाकून दिलं, आणि अमरावतीला येऊन आम्हाला म्हणाला, “चला अकोल्याले. आधी बोलनं करू, मंग इंजिन देऊन सरदारले आनू. बुढा बोचकं बांधून राहिला.”

*

अकोल्याच्या मोटारीत मात्र त्याला धीर निघेना. बोट पुन्हा सुरू. मोटार मूर्तिजापूरच्या पुढे गेल्यावर त्याने आम्हाला सरदार बसका असल्याचं सांगितलं, तोवर आम्हालाही ठाऊक नव्हतं. मोहाची पाजल्याचंही सांगितलं. दिगंबर म्हणाला, म्हणजे तो फिटर आपली वाटच पाहत असेल. काठी घेऊन.

गुलाबरावाच्या गल्लीच्या तोंडाशी आलो, तर गल्लीच्या मधोमध सरदार बसलेला. एका बाजूने टांगे अडलेले, दुसऱ्या बाजूने एक वरात. बाळापूरच्या भावाने बैल कधीच परत पाठवून दिला होता, आणि वाजंत्री वाजवूनही तो उठत नव्हता.

शामराव दिगंबरच्या मागे सरकला. “हे पाहून तो आपल्याले सोडते काय?”

तेवढ्यात घराच्या खिडकीत गुलाबराव दिसला. त्यानेही आम्हाला पाहिलं. आणि खिडकी बंद झाली. नंतर कळलं, की त्याला वाटलं एरंडेलाचा जाब विचारायला आम्ही चौघे आलो. तो मागच्या दाराने भिंत चढून पळाला. आम्ही पुढच्या रस्त्याने स्टँडकडे पळालो. दोघंही एकमेकांना भिऊन एकाच वेळी पळत होतो. मध्ये सरदार तेवढा निवांत होता.

*

आता पोळा.

सकाळी आम्ही तिघे शामरावाच्या गावी गेलो. मास्तरांनी आषाढ-श्रावण खपून एक विमान बांधलं होतं, लाल पंखांचं, चाकांवर पळणारं. दोन लांब दोऱ्यांनी ते हातातल्या मुठीला बांधलेलं असतं, आणि माणसाभोवती गोल फिरतं. हे गावात समजावून सांगावं लागलं नाही. एक म्हातारा म्हणाला, “हे तं खळ्यातलं बैल झालं. मधात मेढ, भोवती बैल.” इंजिन फळीवरून काढून मास्तरांनी त्यात बसवलं होतं, तेही विमान उघडंबोडकं दिसू नये म्हणून.

गावभरचे बैल तोरणाखाली आले. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरं. शामराव एकट्या पाखऱ्याला धरून टोकाला उभा. आबाजी घरीच. ओट्यावर बोचकं, बोचक्याला टेकून ते. पाटलांनी तोरण तोडलं, पोळा फुटला, की निघायचे. तोरणाखाली झडत्या, म्हणजे यमक जुळवलेले टोमणे, म्हणायची रीत, त्यात कुणीतरी शामरावाला चिमटा काढलाच:

“जोडी फोडली रे, घेतला पंखा,
पाखऱ्या इचारे, कुठं माहा सखा?”

हर हर महादेव झालं, सगळे हसले. शामराव मान खाली घालून पाखऱ्याची झूल सारखी करत राहिला.

आणि तेवढ्यात चिखल उडवत एक मोटारलॉरी आली. लॉरीत गुलाबराव. आणि मागे, राजासारखा बसलेला, सरदार. अकोल्याहून हा बैल चालत येणं शक्यच नव्हतं.

पाटील पुढे झाले. पोळ्याच्या दिवशी बैलाचा सौदा होत नाही, म्हणाले. गुलाबराव म्हणाला, “सौदा नाई पाटील. सनाले माहेरी आनलं.” पण शामरावाला पाहताच त्याने उसासा टाकला, की असा बैल सोडवत नाही, भाऊ रडला, बायको रडली. शामरावाने त्याच्याहून मोठा उसासा टाकला, की असं इंजिन पुन्हा दिसणार नाही, पण तुमच्यासाठी मन घट्ट करतो. दोघांच्या हातांवर रुमाल पडला. रुमालाखाली काय झालं कोण जाणे. रुमाल निघाला तेव्हा दोघांचे चेहरे घर लुटल्यासारखे. मग दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. मी नेमका अशा जागी उभा होतो, की मला दोघांचंही हसू दिसलं.

सरदारला आणून पाखऱ्याशेजारी उभं केलं. जोडी जमली. तोरणाखाली जोडी जमली आणि सरदार बसला.

पाटलांचा मान तोरण तोडायचा. बसलेला बैल मध्ये असताना पोळा फोडायचा कसा? आणि पोळ्याच्या दिवशी बैलाला काठी लावत नाहीत. शेपटी पिळत नाहीत. हात जोडले, पुरणपोळी दाखवली. सरदारने पोळी खाल्ली.

इकडे मास्तर विमान गुलाबरावाच्या ताब्यात द्यायला दोऱ्या सोडत होते. गर्दीत दोऱ्या गुंतू नयेत म्हणून मूठ कुठेतरी अडकवायला हवी होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि ती सरदारच्या शिंगात अडकवली. “याच्याइतकी भक्कम मेख गावात दुसरी नाही.” पुणेरी माणूस आयुष्यात पहिल्यांदा वऱ्हाडी बोलण्याइतका सरळ बोलला, आणि नेमका चुकला.

शामरावाने तेल ओतलं. बैल देताना चालवून दाखवतात, तसं इंजिनाचंही दाखवायला हवं ना, निदान नाटक म्हणून. त्याने टिचकी मारली.

पंखा उलटा येऊन बोटावर बसला. शामराव बोटाकडे पाहतच राहिला. चुलीच्या धगीने आत एरंडेलाचा तोच थर पुन्हा धरला होता, हे मास्तरांनी मागाहून सांगितलं. दुसरी टिचकी मारली, आणि गांधीलमाश्यांचं अख्खं पोळं एका डब्यात कोंडल्यासारखा आवाज झाला.

सरदार उठला.

नुसता उठला नाही, धावला. सोबत पाखऱ्या, त्यामागे गावचे सगळे बैल. पाटील तोरण तोडायला काठी उगारून उभेच, आणि पोळा फुटलासुद्धा! दोऱ्या ताणल्या, विमान चिखलातून पळालं, उचललं, आणि धावत्या सरदारच्या डोक्याभोवती गरागरा घिरट्या घालू लागलं. मागे गुलाबराव ओरडतोय, “माहा बैल! सौदा मोडला, माहा बैल!” आणि त्याच्यामागे शामराव, “माहं इंजिन! नाई देत, माहं इंजिन!”

आम्ही पोचलो तेव्हा सरदार शामरावाच्या दारात बसला होता. शेजारी पाखऱ्या उभा. शिंगात तुटलेल्या दोऱ्या. विमान मागच्या संत्र्याच्या बागेत सापडलं, आणि गुलाबराव ते पोत्यात घालून अकोल्याला घेऊन गेला. पण त्याआधी तो धापा टाकत ओट्याशी आला होता. म्हणाला, “आबाजी, हे बैल पयते. मले वापस पाह्यजे.”

आबाजींनी बोचकं सोडलं होतं. त्यातलं धोतर काढून ते सरदारचं अंग पुसत होते. त्यांनी वरही पाहिलं नाही.

“बसे तं आमच्या दारात बसे. पयाला तं आमच्याच दारी आला. तू कोन?”

यात मी पदरचं एवढंच घातलं, की विमान बागेत सापडलं आणि गुलाबरावाने ते नेलं. ते खाली आलेलं कुणी पाहिलं नाही.